भाडे 200 रुपये, मोल किती?

मुंबईच्या गिरगावातील किंवा लालबागेतील 40 खोल्यांची एखादी जुनी चाळ कल्पावी. दर खोलीचे भाडे महिना 200 रुपये धरले, तर मालकाच्या पदरी महिन्याकाठी 8,000 रुपये पडतात. या चाळीची किंमत काय, हा प्रश्न वरवर पाहता त्रैराशिकाचा वाटतो. वर्षाच्या भाड्यातून कर व दुरुस्ती वजा करावी, उरलेल्या रकमेला प्रचलित व्याजाच्या दराने भागावे, की उत्तर तयार. परंतु हे उत्तर घेऊन कोणी बाजारात गेला, तर त्याचे हसे झाल्यावाचून राहणार नाही.

याचे कारण असे की, येथील भाडे बाजाराने ठरविलेलेच नाही. ते कायद्याने ठरविले आहे. महायुद्धानंतरची टंचाई आणि फाळणीनंतरचे निर्वासितांचे लोंढे या परिस्थितीत 1947 चा मुंबईचा भाडे नियंत्रण कायदा झाला आणि 1 सप्टेंबर 1940 रोजीचे भाडे प्रमाण मानले गेले. त्या वेळी ते योग्यच होते. पण तात्पुरता म्हणून केलेला हा कायदा मुदतवाढीमागून मुदतवाढ घेत अर्धशतक जगला. गोठविलेल्या भाड्याच्या तरतुदी आता वाजवी राहिलेल्या नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 1997 मध्ये स्पष्ट म्हटले. मात्र कायद्याची मुदत पुढल्या मार्चमध्ये संपतच असल्याने त्या रद्द केल्या नाहीत. मुदत अर्थातच पुन्हा वाढली. 31 मार्च 2000 पासून नवा कायदा आला, त्याने जुन्या भाड्यात एकवार 5 टक्के आणि पुढे दरसाल 4 टक्के वाढ दिली. 200 रुपयांवर 4 टक्के म्हणजे 8 रुपये!

याच कायद्याने आणखी एक गोष्ट केली. पूर्वी पागडी घेणे हा गुन्हा होता; 2000 पासून भाडेहक्काच्या हस्तांतरासाठी रक्कम घेणे कायदेशीर झाले. त्यामुळे एकाच खोलीला दोन किमती आल्या. भाडे 200 रुपये, पण तिचा भाडेहक्क विकला तर लाखो रुपये, आणि त्यातील साधारण तिसरा हिस्सा मालकाचा, असा प्रघात पडला. खोली 30 लाखांना गेली असे धरले, तर एका सहीचे मालकाला 10 लाख रुपये मिळतात. चाळीस खोल्यांच्या सबंध वर्षाच्या भाड्याची बेरीज मात्र 96,000 च्या पुढे जात नाही.

आता शासनाचा हिशेब पाहावा. म्हाडा कायद्यात 1986 साली घातलेल्या प्रकरणानुसार 70 टक्के रहिवाशांनी मागणी केल्यास उपकरप्राप्त इमारत संपादन करता येते आणि मोबदला मिळतो मासिक भाड्याच्या 100 पट. म्हणजे आपल्या चाळीचे 8 लाख. एका खोलीच्या हस्तांतरातील मालकाच्या हिश्श्याहूनही कमी! शंभर महिने म्हणजे 8 वर्षे 4 महिने. संपत्तीकर अस्तित्वात होता तेव्हा 1989 पासून त्याच्या नियमांत घराचे मोल साधारणतः निव्वळ वार्षिक भाड्याच्या साडेबारा पट धरीत. कर घेताना साडेबारा वर्षे आणि मोबदला देताना सव्वाआठ, हे गणित कोणत्याही शाळामास्तराने चूक ठरविले असते.

मालकांची संघटना या प्रकरणाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेली 1992 मध्ये. प्रत्येक खासगी मालमत्ता ही समाजाची भौतिक साधनसंपत्ती मानता येणार नाही, असा बहुमताचा निर्णय नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने दिला 5 नोव्हेंबर 2024 रोजी. मधली 32 वर्षे मूल्य ठरविणाऱ्याने काय गृहीत धरावे? शंभरपटीचा मोबदला, पागडीचा हिस्सा, की पुनर्विकासात मिळणाऱ्या वाढीव चटईक्षेत्राची आशा? तिन्ही उत्तरे त्याच चाळीची, आणि त्यांत अंतर कित्येक पटींचे.

ज्या विश्वस्त संस्थांच्या मालकीच्या अशा अनेक चाळी आहेत, त्यांची अडचण तर अधिकच बिकट आहे. दहा ठिकाणी पैसा गुंतविला की धोका वाटला जातो, हे अर्थशास्त्राचे साधे सूत्र. येथे ते लागू पडत नाही. दहाही चाळींवर एकाच कायद्याची सत्ता आहे. एक दुरुस्ती झाली की दहांचीही किंमत एकाच दिवशी बदलते. म्हणून प्रामाणिक मूल्यांकन एका आकड्यात मांडताच येत नाही. कायदा आहे तसा राहिला तर अमुक, भाडे मोकळे झाले तर तमुक, पुनर्विकास दहा वर्षे रखडला तर त्याहून वेगळे, असेच ते मांडावे लागते. बँकेला मात्र एकच आकडा हवा असतो.

भाडे एकदम मोकळे करणे हा यावरचा उपाय नव्हे. आयुष्यभराची पुंजी पागडीत घातलेला निवृत्त कारकून त्याने रस्त्यावर येईल. पण वाढीचे वेळापत्रक वीस वर्षांसाठी जाहीर करून ते पाळणे शासनाला अशक्य नाही. 1969 साली दुरुस्ती मंडळाची योजना झाली तेव्हा अशा 19,642 इमारती उपकराखाली आल्या. त्यांच्या दुरुस्तीचा भार भाड्यातून निघत नाही म्हणून मालक हात लावीत नाही, मंडळाचा निधी पुरत नाही, आणि आज भाव काय, याची चौकशी करणारा विकासक तर भाड्याची पावती पाहतच नाही. तो विचारतो एवढेच, की भाडेकरू किती आणि संमती किती जणांची.