हजेरी यंत्रात, दाखला कागदावर

मोठ्या बांधकामांच्या साइटवर मुकादमाच्या वहीऐवजी चेहरा ओळखणारी हजेरी येत आहे. पण नुसत्या हजेरीने काम हलत नाही. सेंटरिंग, सळई बांधणी, काँक्रीट यांपैकी कशावर किती तास गेले, हे रोज नोंदले तरच स्लॅब का रखडला ते कळते. सिमेंट उशिरा आले की माणसे कमी पडली, हे महिनाअखेरीस कुणाला आठवते?

मजुराला या नोंदीची गरज आणखी जास्त. महाराष्ट्रात बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणीसाठी आधीच्या १२ महिन्यांत किमान ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. साइटमागून साइट बदलणाऱ्याचे दिवस ठेकेदाराच्या यंत्रात राहतात. दाखल्यासाठी तो ठेकेदार नाहीतर ग्रामपंचायत अधिकाऱ्याच्या मागे फिरतो, तेही रोज बुडवून.