टेबल लहान, कपाट दूर

घरातला लॅपटॉप चार-पाच वर्षांचा झाला की त्याच्याविषयी बोलताना घरच्यांचा आवाज बदलतो. चालू करून माणूस चहा ठेवायला जातो. चहा उकळतो, गाळून होतो, तरी पडद्यावरचे चक्र आपले फिरतेच आहे. मग निदान होते, 'म्हातारा झाला आता.' दुकानात न्यावा तर तिथे दोनच औषधे ठरलेली. 'फॉरमॅट मारून देतो,' नाहीतर 'नवीनच घेऊन टाका.' पहिल्यात घरातली सगळी छायाचित्रे आणि कागदपत्रे जाण्याची भीती, दुसऱ्यात मुलीच्या फीसाठी बाजूला ठेवलेले तीस-चाळीस हजार. माझे म्हणणे असे, की या दोन्हींपैकी काहीही करण्याआधी यंत्र नेमके कुठे अडते आहे ते पाहावे. आणि तेवढे पाहायला इंजिनिअर लागत नाही.

डॉ. रंगराजन यांच्या समितीने १९८४ साली बँकांच्या संगणकीकरणाचा आराखडा मांडला, त्यानंतर हळूहळू शाखांमध्ये यंत्रे आली. त्याआधीचे काम ज्यांनी पाहिले आहे त्यांना 'बॅलन्सिंग' हा शब्द ऐकला तरी अजून घाम फुटेल. लेजरांची बेरीज जनरल लेजरशी जुळली नाही की रात्री बसावे लागे. पण शोधायची एक रीत होती. फरकाला आधी नऊने भागून पाहायचे. पूर्ण भाग गेला तर बहुधा कुणीतरी ५४ चे ४५ लिहिलेले असते. मग फरकाची निम्मी रक्कम शोधायची, कारण ती जमेऐवजी नावे पडलेली असू शकते. हे काही न करता 'सगळे पुस्तकच नव्याने लिहून काढू' असे एखाद्याने म्हटले असते, तर मॅनेजरने त्याला दुसऱ्या दिवशी रोखपालाच्या खिडकीतच बसवले असते. दुकानदाराचे 'फॉरमॅट' म्हणजे हेच पुस्तक नव्याने लिहिणे. कधी तेही करावे लागते, पण शेवटी.

लॅपटॉपच्या पोटात एक छोटी शाखाच असते. प्रोसेसर हा कारकून. मेमरी, म्हणजे रॅम, हे त्याचे टेबल. आणि डिस्क म्हणजे मागची रेकॉर्ड रूम. कामे साचली की गिऱ्हाईक कारकुनावर खेकसते. गंमत अशी की कारकून बहुधा निर्दोष असतो. आठ वर्षांपूर्वीचा प्रोसेसरही पत्र लिहायला, अर्ज भरायला, नातवंडांशी व्हिडिओवर बोलायला सहसा पुरतो. अडचण असते ती टेबलाची. त्यावर चार लेजरे मावतात आणि आपण वीस मागवतो. मग दर वेळी एक लेजर परत पाठवून दुसरे आणावे लागते, आणि रेकॉर्ड रूम असते लांब.

किती लांब? जुन्या लॅपटॉपमधली हार्ड डिस्क ही खरोखरीची फिरती थाळी असते. ती मिनिटाला साधारण ५,४०० फेरे घेते आणि एक काटा तिच्यावर जागा शोधत फिरतो. एक जागा सापडायला सेकंदाचा शंभरावा भाग किंवा थोडा अधिक वेळ लागतो. हे ऐकायला थोडे वाटते. पण यंत्र सुरू होताना असे हजारो हेलपाटे होतात. नव्या पद्धतीच्या एसएसडीत काहीच फिरत नाही, आणि तिथे तीच वस्तू सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास हाती येते. म्हणून थाळीची डिस्क काढून एसएसडी बसवली की तोच 'म्हातारा' पळू लागतो.

आमचे हिंगणी हे बोरच्या जंगलाकडे जाताना लागणारे गाव. यंत्राच्या मोठ्या दुखण्याला वर्धा नाहीतर नागपूरच गाठावे लागते. शेजारची एक मुलगी स्पर्धा परीक्षेची तयारी करते. अर्जाची मुदत संपायला दोन दिवस उरले असताना लॅपटॉप घेऊन आली. म्हणाली, "काकाजी, हा तर नुसता हँग मारून राहिला. दुकानवाला फॉरमॅट कर म्हणते."

"थांब ना बाई. आधी त्याला विचारू तर काय होऊन राहिलं ते."

विचारायचे कसे, तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबायच्या. टास्क मॅनेजर उघडतो. त्यात सीपीयू, मेमरी आणि डिस्क असे रकाने असतात. तिच्या यंत्रात सीपीयू पंधराच्या आत, मेमरी नव्वदवर आणि डिस्क शंभर. म्हणजे कारकून रिकामा बसलेला, टेबल भरलेले आणि शिपाई धावून धावून बेजार! (यंत्र नुकतेच सुरू केले असेल किंवा विंडोजचे अपडेट चालू असेल तर डिस्क काही वेळ शंभर दाखवतेच. पंधरा-वीस मिनिटे थांबून पुन्हा पाहावे.)

पहिले काम केले ते तिची प्रमाणपत्रे, नोट्स आणि घरचे फोटो बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेण्याचे. हे आधी, बाकी सगळे नंतर. डिस्कमधून करकर आवाज येत असेल तर त्याच क्षणी. मग त्याच टास्क मॅनेजरच्या 'स्टार्टअप' यादीत पाहिले, तर यंत्र सुरू होताच आपणहून जागे होणारे नऊ-दहा कार्यक्रम निघाले. त्यांतले दोन अँटीव्हायरस, एकमेकांवर पहारा करणारे. एक काढून टाकला, बाकीच्यांतले अनावश्यक बंद केले. एकच जाहिरात तीन-तीनदा उतरवल्यामुळे डिस्कही काठोकाठ भरली होती, ती मोकळी केली. तेवढ्यावर अर्ज भरून झाला. एसएसडी पुढच्या महिन्यात बसवली, नव्या लॅपटॉपच्या किमतीच्या लहानशा भागात.

आमच्या भागात आणखी एक कारण असते आणि ते परदेशी माहितीपत्रकात ठळक सापडत नाही. वर्ध्याच्या मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. प्रोसेसर फार तापला की स्वतःला वाचवण्यासाठी तो आपणहून वेग कमी करतो. त्यात पंख्याच्या जाळीत धूळ आणि कापसाची तुसे बसलेली, वर लॅपटॉप गादीवर ठेवलेला. सकाळी बरा चालतो आणि दुपारी रेंगाळतो, असे असेल तर रोग डिस्कचा नाही, उन्हाचा आहे. जाळी साफ करून घ्यावी आणि यंत्र पाटावर ठेवावे. काही लॅपटॉप परका चार्जर ओळखीचा वाटला नाही तरी गती कमी करतात. स्वस्तातला चार्जर घेतल्यापासून दुखणे सुरू झाले का, हे आठवून पाहावे.

'तुमचा संगणक धोक्यात आहे, या क्रमांकावर फोन करा' असे पडद्यावर आले तर फोन करू नये. ती चोरी आहे. एका टिचकीत वेग वाढवून देणाऱ्या फुकट कार्यक्रमांचीही मला फारशी खात्री वाटत नाही.

हे सगळे करूनही कधी कधी हात टेकावे लागतात, आणि तिथे मात्र दोष आपला नसतो. १९२९ साली अखिल भारत चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस लावले होते. अटी वाचण्यासारख्या आहेत. किंमत दीडशे रुपयांपेक्षा अधिक नको, यंत्र किमान वीस वर्षे टिकावे आणि वर्षाच्या देखभालीचा खर्च किमतीच्या पाच टक्क्यांवर जाऊ नये. बक्षीस कुणालाच मिळाले नाही. पण यंत्राकडून काय मागायचे याची ती यादी होती, आणि यादी करणाऱ्यांनी देखभालीचा खर्च आधीच धरला होता. वर्ध्याच्या मगन संग्रहालयात चरखे पाहताना मला ती आठवते. आज लॅपटॉप पातळ दिसावा म्हणून त्याची मेमरी मुख्य पाटीवरच डाखलेली असते. टेबल मोठे करायचेच नाही, अशी ती सोय! केंद्र सरकारने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तिच्या पहिल्या यादीत मोबाइल होते, शेतीची अवजारेही होती. ट्रॅक्टरवाल्यांना हे दुखणे आमच्याआधी कळलेले होते.

आणि १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार काढून घेतला. विंडोज ११ साधारण २०१८ च्या आधीच्या बहुतेक प्रोसेसरांना स्वीकारत नाही. धडधाकट यंत्र एका तारखेने निवृत्त! त्यांच्यासाठी लिनक्स हा फुकटचा मार्ग आहे. शिकायला आठवडा जातो, पण पत्रे, हिशेब आणि इंटरनेट त्यात चालते.

येत्या जूनमध्ये मुलांसाठी लॅपटॉप घेणार असाल, तर रंग आणि वजन पाहण्याआधी दुकानदाराला विचारा, मेमरीची रिकामी खाच आहे का, आणि डिस्क बदलता येते का. खाच नाही म्हणाला, तर आठऐवजी सोळा जीबीचाच घ्या. ते टेबल पुढे वाढणार नाही.