इशारा वस्तीत पोहोचत नाही, तक्रार कार्यालयातच थांबते
विश्लेषण : उन्हाळी कार्यक्रम आणि शहरांतील सुरक्षा

चैत्र सुरू झाला की शहरांतील वस्त्या घराबाहेर येतात. रामनवमीचे हवन, हनुमान जयंतीचा महाप्रसाद, आंबेडकर जयंतीची मिरवणूक, महाराष्ट्र दिनाचे ध्वजवंदन, ग्रामदैवतांच्या जत्रा आणि शाळांना सुट्टी लागल्यावर मुलांची शिबिरे व क्रिकेटचे सामने, असा हा दोन-अडीच महिन्यांचा काळ सामूहिक जीवनाचा असतो. नेमक्या याच काळात उष्णतेच्या लाटा येतात, आगींचा धोका वाढतो आणि वळिवाचे वारे झाडे, फलक व मांडव पाडतात. त्यामुळे उन्हाळ्यातील सार्वजनिक कार्यक्रमांच्या सुरक्षेची चर्चा दरवर्षी होते. मात्र ही चर्चा बहुधा दुर्घटनेनंतर सुरू होते आणि पहिल्या पावसाबरोबर संपते.

या प्रश्नाचे स्वरूप समजून घेण्यासाठी २०२३ च्या उन्हाळ्यातील १८ दिवस पुरेसे आहेत. ३० मार्च रोजी रामनवमीच्या दिवशी इंदूरच्या पटेल नगर भागातील बेलेश्वर महादेव मंदिरात हवन सुरू असताना जुन्या बावडीवर टाकलेले छत कोसळले आणि ३६ जणांचा मृत्यू झाला. ९ एप्रिल रोजी अकोला जिल्ह्यातील पारस येथे धार्मिक कार्यक्रमासाठी आलेल्या भाविकांनी वादळी पावसापासून बचावासाठी टिनाच्या शेडखाली आसरा घेतला होता. त्या शेडवर झाड कोसळून ७ जण दगावले. १६ एप्रिल रोजी नवी मुंबईतील खारघर येथे महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या वितरण सोहळ्यास उघड्या मैदानावर लाखोंचा समुदाय जमला होता. तेथे उष्माघाताने १४ जणांचा बळी घेतला. तीन कार्यक्रम, तीन निराळी कारणे आणि ५७ मृत्यू.

पायाखालची जमीन, डोक्यावरचे झाड आणि माथ्यावरचे ऊन अशी या तीन घटनांची कारणे वरकरणी वेगळी दिसतात. तरीही त्यांत एक समान सूत्र आढळते. धोक्याची माहिती कोठे ना कोठे उपलब्ध असते. ती ज्याच्या हाती असते त्याला निर्णयाचा अधिकार नसतो आणि निर्णय घेणाऱ्यापर्यंत ती वेळेवर पोहोचत नाही.

वस्तीला ठाऊक होते

इंदूरची घटना या दृष्टीने सर्वाधिक बोलकी आहे. मंदिर परिसरातील बांधकामाविषयी तेथील रहिवाशांनी आधीच तक्रार केली होती. महापालिकेने अतिक्रमणाबाबत नोटीसही बजावली होती. मात्र धार्मिक भावनांचा मुद्दा पुढे आला आणि कारवाई रेंगाळली. दुर्घटनेनंतर काही दिवसांतच ते बांधकाम पाडण्यात आले. म्हणजे नोटीस बजावल्यानंतर जे काम अडून राहिले होते, ते मृत्यूनंतर काही दिवसांत करता येण्याजोगे ठरले. बावडीचे तोंड कधीकाळी झाकले गेले आहे, हे जुन्या रहिवाशांच्या आठवणीत होते. हवनासाठी बसलेल्या अनेकांना मात्र आपण कशावर बसलो आहोत याची कल्पना नव्हती.

वस्तीतील माहिती अशीच असते. कोणत्या चौकातील झाड आतून पोखरलेले आहे, कोणत्या गल्लीत अग्निशमन दलाची गाडी वळत नाही, कोणत्या मैदानावर दुपारी सावलीचा तुकडाही नसतो, हे तेथे राहणाऱ्यांना ठाऊक असते. ही माहिती तक्रार अर्जाच्या रूपाने प्रभाग कार्यालयात जाते आणि तेथे ती एका खात्याची फाईल बनते. कार्यक्रमाची परवानगी मात्र दुसऱ्याच टेबलावर दिली जाते. मंडप, ध्वनिक्षेपक, वाहतूक आणि अग्निसुरक्षा यांचे दाखले वेगवेगळ्या ठिकाणांहून मिळतात. या सर्व कागदांना एकत्र ठेवून ‘येथे, या वेळी, इतके लोक बसणे सुरक्षित आहे काय’ हा प्रश्न विचारण्याची जबाबदारी कोणा एकाची राहत नाही.

इशारा जिल्ह्यापर्यंत येतो

उष्णतेच्या बाबतीत माहितीचा प्रवास उलट्या दिशेने होतो. भारतीय हवामान विभागाच्या निकषांनुसार मैदानी प्रदेशात कमाल तापमान किमान ४० अंश सेल्सिअस आणि सरासरीपेक्षा किमान साडेचार अंश अधिक असल्यास उष्णतेची लाट मानली जाते. किनारपट्टीसाठी कमाल तापमानाची मर्यादा ३७ अंश आहे. हवामान उपविभागातील किमान दोन केंद्रांवर सलग दोन दिवस हे निकष पूर्ण झाल्यास दुसऱ्या दिवशी लाट जाहीर होते. त्याखेरीज जिल्हानिहाय पिवळा, नारिंगी आणि लाल असे रंगांचे इशारे आगाऊ दिले जातात. गेल्या दशकात या व्यवस्थेत मोठी सुधारणा झाली आहे आणि भ्रमणध्वनीवर संदेशही येऊ लागले आहेत.

तथापि, उपविभाग किंवा जिल्हा हे एकक वस्तीच्या अनुभवाशी जुळतेच असे नाही. खारघरच्या कार्यक्रमाच्या दिवशी परिसरातील कमाल तापमान ३८ अंशांच्या आसपास नोंदले गेले होते. नागपूर किंवा चंद्रपूरच्या रहिवाशाला हा आकडा सौम्य वाटेल. परंतु समुद्रालगतच्या दमट हवेत घाम वाळत नाही आणि घाम वाळला नाही तर शरीर थंड होत नाही. तेथे लोक सावलीविना कित्येक तास बसले होते. अनेक जण सकाळपासून, काही तर आदल्या दिवसापासून आले होते. तापमापकावरील आकडा सर्वांसाठी सारखा असला तरी उपाशीपोटी उन्हात बसलेल्या वृद्धासाठी त्याचा अर्थ वेगळा असतो. हा फरक जिल्ह्याच्या इशाऱ्यात मावत नाही. तो मैदानावर उभ्या असलेल्या माणसालाच कळू शकतो.

इशाऱ्याला कृतीची जोड दिल्यास काय साधते, याचे उदाहरण अहमदाबादने घालून दिले आहे. मे २०१० मध्ये तेथे तापमान ४६.८ अंशांवर गेले. त्या एका महिन्यात नेहमीपेक्षा सुमारे १,३४४ मृत्यू अधिक झाल्याचे नंतरच्या अभ्यासात दिसून आले. त्यातून २०१३ मध्ये अहमदाबाद महापालिकेने उष्णता कृती आराखडा लागू केला. दक्षिण आशियातील हा अशा प्रकारचा पहिला आराखडा मानला जातो. कोणत्या तापमानाला कोणता रंग, त्या रंगाचा इशारा आल्यावर कोणत्या अधिकाऱ्याने कोणाला कळवायचे, रुग्णालयांनी कोणती तयारी ठेवायची आणि पाणी कोठे उपलब्ध करायचे, हे त्यात आधीच ठरलेले होते. या आराखड्यामुळे वर्षाला सरासरी सुमारे १,१९० मृत्यू टळले असावेत, असा अंदाज २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात मांडण्यात आला. अहमदाबादचे ऊन कमी झाले नाही. इशारा आल्यानंतर कोणी काय करायचे, एवढे निश्चित झाले.

आवाजाला मर्यादा, उन्हाला नाही

कार्यक्रमांच्या परवानगीकडे पाहिल्यास एक विसंगती ठळकपणे जाणवते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक वापरण्यास मनाई आहे. राज्य सरकार वर्षातील मोजक्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते. हा नियम देशभर लागू आहे आणि बहुतेक मंडळांच्या कार्यकर्त्यांना तो तोंडपाठ असतो. उन्हाच्या बाबतीत मात्र असा देशव्यापी बंधनकारक नियम नाही. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या उष्णतेविषयक आणि गर्दी व्यवस्थापनविषयक मार्गदर्शक सूचना उपलब्ध आहेत. पण त्या सूचनाच आहेत. खारघरच्या दुर्घटनेनंतर महाराष्ट्र सरकारने त्या उन्हाळ्यापुरते दुपारी १२ ते सायंकाळी ५ या वेळेत मोकळ्या जागेवर कार्यक्रम न घेण्याचा निर्णय जाहीर केला होता. असा निर्णय दरवर्षी हंगामाच्या प्रारंभीच अमलात येणे आणि तो वस्तीतील लहान मंडळालाही ठाऊक असणे, हा खरा पुढचा टप्पा आहे.

यातील व्यावहारिक अडचणही नाकारता येत नाही. एप्रिल-मे महिन्यांत महाराष्ट्रात सूर्य सुमारे सात वाजता मावळतो. ध्वनिक्षेपक दहाला बंद करायचा असल्यास आयोजकांच्या हाती जेमतेम तीन तास उरतात. प्रमुख पाहुण्यांच्या सोयीने वेळ ठरत असेल, तर तेवढाही अवकाश मिळत नाही. मग कार्यक्रम दुपारी सरकतो आणि त्याची किंमत मंचावरील छताखाली बसलेल्यांना नव्हे, तर समोरच्या मैदानातील श्रोत्यांना मोजावी लागते. वास्तविक, उन्हाळ्यातील कार्यक्रम सायंकाळी घेण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. १८७५ मध्ये न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने सुरू झालेली पुण्याची वसंत व्याख्यानमाला आजही सायंकाळी भरते. चैत्रगौरीचे हळदीकुंकू दिवस कलल्यावर होते आणि त्यात पन्हे असते. रस्त्याच्या कडेची पाणपोई ही तर वस्तीने स्वतःच उभारलेली सुरक्षा यंत्रणाच होती.

अर्थात, कार्यक्रम उन्हातून रात्रीकडे नेला म्हणजे जबाबदारी संपली असे नाही. ३ मे २०२५ रोजी पहाटे गोव्यातील शिरगाव येथे श्री लईराई देवीच्या जत्रेत झालेल्या चेंगराचेंगरीत किमान सहा भाविकांनी प्राण गमावले. तेथे ऊन नव्हते, गर्दी होती. वेळ बदलली की धोक्याचे स्वरूप बदलते आणि त्यानुसार प्रकाश, येण्या-जाण्याचे वेगळे मार्ग व स्वयंसेवकांची संख्या यांचा नव्याने विचार करावा लागतो.

सुट्टीतील मुले आणि आगीचा धोका

सुट्टीच्या काळात पालकांना भेडसावणारा आणखी एक प्रश्न आगीचा आहे. २४ मे २०१९ रोजी सुरतमधील तक्षशिला संकुलातील शिकवणी वर्गाला लागलेल्या आगीत २२ विद्यार्थ्यांचा मृत्यू झाला. पाच वर्षांनी, २५ मे २०२४ रोजी, राजकोटमधील एका खेळ केंद्रात २७ जण होरपळून मृत्युमुखी पडले. त्यांत मुलांचाही समावेश होता. शनिवारी सवलतीच्या तिकिटामुळे तेथे गर्दी उसळली होती. या केंद्राकडे अग्निशमन विभागाचे ना हरकत प्रमाणपत्र नव्हते, हे नंतर उघड झाले. गुजरात उच्च न्यायालयाने या घटनेची स्वतःहून दखल घेत ती मानवनिर्मित आपत्ती असल्याचे म्हटले. प्रमाणपत्र नसल्याची माहिती संबंधित खात्याकडे असणारच. तिकीट काढणाऱ्या पालकाला ती मिळण्याची सोय नव्हती.

योगायोग असा की, देशात अग्निसेवा सप्ताह १४ एप्रिलपासून सुरू होतो. १९४४ मध्ये याच दिवशी मुंबई बंदरात ‘फोर्ट स्टायकिन’ जहाजाच्या स्फोटात अग्निशमन दलाच्या ६६ जवानांनी प्राण गमावले होते. हाच दिवस डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या जयंतीचाही असल्याने वस्त्यावस्त्यांत हजारो लोक एकत्र येतात. अग्निशमन दलाची प्रात्यक्षिके केंद्राच्या आवारात घेण्याऐवजी या काळात वस्तीतील मंडळांपर्यंत नेली, तर त्यासाठी वेगळा जमाव जमवण्याची गरज उरणार नाही.

मधला दुवा

वरून येणारा इशारा आणि खालून जाणारी तक्रार यांची गाठ ज्या ठिकाणी पडायला हवी, ते ठिकाण म्हणजे प्रभाग. १९९३ मध्ये अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्यांची तरतूद केली. मोठ्या शहरांत एका समितीखाली अनेक प्रभाग येतात आणि तिच्या कामकाजात सामान्य रहिवाशाला फारसे स्थान मिळत नाही. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपल्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ तेथे नगरसेवकच नव्हते. राज्यातील इतर अनेक महापालिकांतही हीच स्थिती होती. गल्लीतील धोकादायक झाडाची तक्रार घेऊन ज्याच्या दारात जायचे, तो लोकप्रतिनिधी नसेल तर ही माहिती वर पोहोचवणारा दुवाच तुटतो. दुसरीकडे, ‘आपदा मित्र’ योजनेखाली देशातील साडेतीनशे जिल्ह्यांत एक लाख स्वयंसेवकांना प्रशिक्षण देण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. हे मनुष्यबळ महापुरापुरते राखून न ठेवता उन्हाळी कार्यक्रमांच्या नियोजनातही सहभागी करून घेता येण्यासारखे आहे.

यासाठी मोठा निधी किंवा नवा कायदा आवश्यक आहेच असे नाही. परवानगी देताना त्या जागेविषयीच्या प्रलंबित तक्रारी व नोटिसा एकत्र पाहणे, हवामान विभागाचा त्या दिवशीचा इशारा अर्जाला जोडणे, सावली, पाणी आणि रुग्णवाहिकेची वाट प्रत्यक्ष जागेवर तपासणे आणि परिस्थिती बिघडल्यास कार्यक्रम थांबवण्याचा अधिकार कोणाकडे आहे हे आधीच लिहून ठेवणे, एवढ्या गोष्टी एका पानावर मावतात. यांतील शेवटची बाब सर्वांत महत्त्वाची आहे. समोर माणसे कोसळू लागल्यावरही कार्यक्रम चालू राहतो, कारण तो थांबवायचा कोणी, हे ठरलेले नसते.

इंदूरमधील त्या बांधकामाची नोटीस कागदोपत्री अस्तित्वात होती. रामनवमीला तेथे भाविक जमणार, हेही सर्वांना ठाऊक होते. या दोन गोष्टी एकाच माणसाने एकाच वेळी पाहिल्या असत्या, तर त्या सकाळी हवन कदाचित बाजूच्या मोकळ्या जागेत झाले असते. येत्या प्रत्येक उन्हाळ्यात प्रत्येक शहराच्या प्रभाग कार्यालयात असे दोन कागद वेगवेगळ्या कपाटांत असतील. ते एकत्र कोण आणणार, हे कार्यक्रमाची तारीख ठरण्यापूर्वी निश्चित व्हायला हवे.