रुपया धुतला, मोल घसरलं

नाण्यांच्या प्रदर्शनात राणीछाप रुपयांच्या टेबलांपाशी गर्दी होते ती जिथे रुपये पांढरेशुभ्र, चकचकीत मांडलेले असतात तिथे. शेजारच्या ट्रेमधल्या काळपट, राखाडी रुपयांकडे नवा संग्राहक वळूनही पाहत नाही. माझं मत स्पष्ट आहे: घेण्याजोगे रुपये बहुधा त्या काळपट ट्रेमध्येच सापडतात. चकाकणाऱ्यांपैकी बरेचसे धुतलेले असतात, आणि तसं सांगून ते विकले जात नाहीत.

ब्रिटिश काळातला चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, त्यात चांदी ९१.७ टक्के. हवेतल्या गंधकाच्या वायूंनी तिच्यावर सिल्व्हर सल्फाइडचा अतिपातळ थर चढतो. आधी पिवळसर, मग तांबूस, निळा, शेवटी काळा. हा थर नाण्याच्याच चांदीतून झालेला असतो, त्यामुळे ॲसिडच्या द्रावणात बुडवून तो काढला की तेवढी चांदीही जाते. खरं नुकसान त्यापुढचं आहे. टांकसाळीत ठसा दाबला जातो तेव्हा चांदी मध्यातून कडेकडे सरकते आणि पृष्ठभागावर केसाहून बारीक रेषा उमटतात. न वापरलेला रुपया एका दिव्याखाली तिरपा धरून हळूहळू फिरवा, उजेडाचा पट्टा चाकाच्या आऱ्यासारखा गोल फिरेल. द्रावण या रेषा झिजवतं. वारंवार बुडवलेल्या नाण्यावर पट्टा फिरत नाही, सगळीकडे सारखाच निर्जीव पांढरेपणा दिसतो.

जॉर्ज पंचमचा रुपया हातात घ्या. राजाच्या झग्यावर एक चिमुकला हत्ती आहे. १९११ च्या रुपयावर तो डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली, नाणी मागे घेतली गेली आणि १९१२ पासून सुधारलेला हत्ती आला. आता १० पट भिंगातून पाहा. समजा, हत्ती झिजून सपाट झालाय, मुकुटावरची नक्षी पुसट झालीय, पण राजाच्या चेहऱ्यासमोरची मोकळी जागा मात्र आरशासारखी लखलखतेय. या दोन गोष्टी एकत्र नांदूच शकत नाहीत. हातोहात फिरलेल्या नाण्याची मोकळी जागाही मंद होते, ती लखलखत असेल तर ती पॉलिशची करामत. मग ओरखडे शोधा. खिशातल्या नाण्यांचे ओरखडे वेड्यावाकड्या दिशांना जातात, फडक्याने घासलेल्याचे एकाच दिशेने, एकमेकांना समांतर. आणि फडकं अक्षरांच्या कडांशी पोचत नाही, तिथे काळी किनार तशीच राहते. तारेच्या ब्रशचं फिरतं चाक वापरलेलं असेल तर अक्षरांच्या एका बाजूला सरकलेल्या धातूची बारीक वरंबी साचलेली दिसते.

काळा रंगही फसवा असू शकतो. धुतलेलं नाणं गंधक लावून पुन्हा काळं करतात. रंगाच्या थराखाली समांतर ओरखडे दिसले तर नाणं आधी घासलंय आणि नंतर रंगवलंय, हे नक्की. रुपयांच्या माळेतून काढलेल्या नाण्याची कड वरच्या बाजूला तपासा. कडी झाळल्याची खूण घासून काढली, तरी कडेवरचे दाते तिथे बुजलेले राहतात.

सगळ्यात अवघड १९३९ चा रुपया. हे साल दुर्मीळ, त्यामुळे १९३८ च्या रुपयावरचा शेवटचा ८ कोरून ९ करण्याचा मोह होतो. दोन्ही सालांचं वजन एकच, चांदीही तेवढीच, म्हणून तराजू आणि कसोटी इथे उपयोगाची नाही. १९४० पासून चांदी ५० टक्क्यांवर आली, तिथे निदान कसोटी काही सांगते. इथे फक्त शेवटच्या आकड्याभोवतीचा पृष्ठभाग बोलतो: तिथलीच चकाकी तुटलेली, तिथलाच रंग वेगळा, आकड्याची कड बाकीच्या तिघांपेक्षा धारदार.

घरातही हे नुकसान होतंच. लक्ष्मीपूजनाच्या आधी देवघरातले रुपये लिंबू आणि रांगोळीने घासायची रीत अनेक घरांत आहे. रांगोळीची पूड म्हणजे दगडाचे कण. त्यांनी जी नक्षी पुसते ती परत येत नाही. पूजेला नवं चांदीचं नाणं ठेवा, आजीचा रुपया तसाच राहू द्या. त्यावर तेल किंवा मऊ प्लास्टिकच्या अल्बमची हिरवी चिकट लागण असेल तर ॲसिटोनमध्ये थोडा वेळ ठेवून, न घासता बाहेर काढा. ॲसिटोन चटकन पेटतं, स्वयंपाकघरात वापरू नका.

एनजीसी आणि पीसीजीएस या नाण्यांचा दर्जा ठरवणाऱ्या अमेरिकी संस्था सदोष पद्धतीने साफ केलेल्या नाण्याला अंकी दर्जा देत नाहीत, नुसता ‘डिटेल्स’ असा शेरा मारतात. आपल्या बाजारात असा शेरा सहसा कोणी मारत नाही, तेव्हा तो मागायला आपणच शिकायला हवं. धुतलेलं नाणं खोटं नसतं, कमी किमतीत ते विकत घ्यायलाही हरकत नाही. विक्रेत्यांना माझी विनंती एवढीच, की पाकिटावर ‘धुतलेलं’ असं स्वच्छ लिहा. आणि वाचकहो, पुढच्या प्रदर्शनात पैसे मोजण्याआधी रुपया दिव्याखाली फिरवून पाहा, धुतलेला आहे का ते तोंडावर विचारा, आणि उत्तर बिलावर लिहून घ्या.