अदृश्य मालमत्ता आणि उचल

डोळ्यांना न दिसणाऱ्या मालमत्तेची किंमत ठरवणे हा आज मोठ्या शहरांतला प्रतिष्ठित व्यवसाय झाला आहे. नावलौकिक, पेटंट, संगणकप्रणाली, ग्राहकांची माहिती यांचे मोल हे सल्लागार खर्च, बाजारभाव आणि अपेक्षित उत्पन्न या तीन पद्धतींनी काढतात. कारखान्याचा कारभार संगणकावर आणून देण्याचे कामही पुष्कळदा त्यांच्याचकडे असते. 2013 चा कंपनी कायदा आणि त्याखालील 2017 चे नियम यांनी मूल्यांककाला नोंदणीकृत स्थान दिले. या विद्येची थट्टा करण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच, की बीड जिल्ह्यात आल्यावर ती काय पाहील?

तिचाच एक नियम घ्या. भारतीय लेखामानक 38 सांगते, की कुशल कामगारांपासून कंपनीला पुढे लाभ होणार असला, तरी त्यांना सहसा अमूर्त मालमत्ता म्हणून ताळेबंदात दाखवता येत नाही. कारण त्यांच्यावर कंपनीचे पुरेसे नियंत्रण नसते. कामगार उद्या काम सोडून जाऊ शकतो, हे येथे गृहीत धरले आहे.

आता ऊसतोड कामगाराकडे पाहा. हंगामाच्या तोंडावर धारूर, वडवणी, पाटोद्याकडची बिऱ्हाडे पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या वाटेला लागतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. माणसांना अवजाराचे नाव! मुकादमाकडून घेतलेली उचल तोडीतून फेडायची. फिटली नाही, तर पुढचा हंगामही त्याच्याचकडे. लेखाशास्त्राला जे नियंत्रण सापडत नाही, ते मुकादमाच्या वहीत असे नोंदलेले असते. कर्जापोटी माणसाचे श्रम बांधून घेणारी वेठबिगारी 1976 च्या कायद्याने रद्द झाली, याची आठवण त्या वहीला कोणी द्यायची?

याच जिल्ह्यातल्या सीताफळाला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले. 1999 च्या कायद्यानुसार असे मानांकन विकता येत नाही, गहाणही टाकता येत नाही. ते योग्यच आहे. पण फळाच्या नावाला जे संरक्षण आहे, ते फळाच्या गावातल्या माणसाच्या श्रमाला नसावे, ही गोष्ट लाजिरवाणी आहे.

साखर कारखाने संगणकावर येत आहेत. त्याला विरोध करण्यात अर्थ नाही. मात्र त्या नोंदी कोणाच्या हाती राहणार, हे आधी ठरले पाहिजे. उचल न फेडणाऱ्यांची यादी एका कळीसरशी सर्व कारखान्यांत फिरू लागली, तर जुनी साखळी नव्या यंत्राने अधिकच घट्ट होईल. उलट उचल किती, ऊस किती टन तुटला, किती रक्कम फिटली याचा हिशेब कामगाराच्या स्वतःच्या हाती, कागदावर आणि फोनवर, पती व पत्नी यांच्या वेगवेगळ्या नावाने आला, तर तेच यंत्र मुक्तीचे साधन ठरेल.

कार्यकर्त्यांनी ही मागणी बिऱ्हाडे निघण्यापूर्वी गावोगावी मांडावी. गाड्या हलल्यानंतर हिशेब विचारणारा कोणी उरत नाही.