चव तीच आहे का?

सुटीत मुंबईला आलेला, एरवी परगावी वा परदेशी राहणारा माणूस आवर्जून आपल्या जुन्या इराण्याकडे जातो, बनमस्का आणि चहा मागवतो आणि पहिल्याच घोटाला निकाल देतो : 'पूर्वीची चव राहिली नाही!' आम्हीही परगावीच राहतो, दर सुटीत इराण्याकडे जातो, आणि शेजारच्या टेबलावरून हे वाक्य इतक्या वेळा ऐकले आहे की त्याची थोडी चिकित्सा करणे भाग आहे.

चव हा मुळात कच्चा पुरावा. महाविद्यालयातून भुकेल्या पोटी येऊन, खिशातली नाणी मोजून खाल्लेला मस्का आणि आज भरल्या पोटी, केवळ आठवणीखातर खाल्लेला मस्का यांची तुलना जिभेला करता येत नाही. शिवाय इराण्याचा चहा अलौकिक वगैरे कधी नव्हताच. (हे मोठ्याने बोलायचे नसते.)

मग तिथे जपण्याजोगे काय होते? आमच्या मते, बसू देणे. भिंतीवरच्या पाट्या कितीही दटावोत, एका कपावर तासभर बसता येई. निसिम इझिकेल यांना बस्तानीतल्या अशाच सूचनांवरून कविता सुचली. अरुण कोलटकर काळा घोड्याच्या वेसाइड इनमध्ये वर्षानुवर्षे बसत; तिथून दिसणारा चौक २००४ साली 'काळा घोडा पोएम्स'मध्ये अवतरला. ते उपाहारगृह आज नाही. जहांगीर कलादालनातले समोवार १९६४ पासून चालले आणि २०१५ मध्ये बंद झाले. अखेरच्या दिवसांत तिथे हळहळणाऱ्यांची रीघ लागली होती. त्यांतले किती जण एरवी मंगळवारी दुपारी तिकडे फिरकत असत, हा प्रश्न विचारणे असभ्यपणाचे ठरले असते.

हे बसू देणे औदार्यावर चालत नव्हते. जुन्या, स्वस्त भाड्यांवर चालत होते. जागांचे भाव चढले, पुढच्या पिढ्या दुसऱ्या व्यवसायांत गेल्या, आणि एका कपाचा तास परवडेनासा झाला. धोबीतलावचे १९०४ सालचे कयानी टिकून आहे, याचे म्हणूनच आम्हांला अप्रूप वाटते.

आता तर नव्याने थाटलेले 'इराणी'ही निघाले आहेत. वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, संगमरवरी टेबले, काचेच्या बरण्या, सगळे बिनचूक. मस्का कदाचित सरसच. कप रिकामा होण्याआधी बिल मात्र पुढ्यात येते. चवीच्या कसोटीवर ही नक्कल पहिल्या वर्गात उत्तीर्ण होईल, आणि आमचा आक्षेप नेमका त्या कसोटीलाच आहे.

सुटीत जाणाऱ्याने आपल्या बशीऐवजी कोपऱ्यातले टेबल पाहावे. एक चहा घेऊन बसलेला माणूस तिथे अजून आहे का? त्याला कोणी उठवते का? गेल्या सुटीत आम्हांला असे दोघे दिसले. एक शब्दकोडे सोडवत होता. दुसऱ्याला बसल्या बसल्या डुलकी लागली होती.