गाळलेल्या जागा

पुण्याहून एका भगिनीचें पत्र आलें आहे. त्यांचा मुलगा पांचवींत आहे. मराठीच्या पेपरांत धडे, निबंध, पत्रलेखन सारें त्याला बरें जातें; पण गाळलेल्या जागा आल्या कीं गुण हमखास जातात. शब्दांचे अर्थ विचारले तर सगळे सांगतो. मग रोज शब्दकोशांतले वीस शब्द पाठ करून घ्यावेत काय, असा त्यांचा प्रश्न आहे.

आमचें उत्तर प्रथमच देऊन टाकतों. शब्दकोश फडताळांतच राहूं द्यावा. ज्या मुलाला अर्थ येतात त्याला शब्दांची वाण नाहीं. त्याला वाक्य शेवटपर्यंत वाचण्याची संवय नाहीं. रिकामी रेघ दिसतांच मूल तेथेंच थांबतें आणि कंसांतल्या शब्दांकडे धांव घेतें. आपल्या मराठींत क्रियापद बहुधा वाक्याच्या अखेरीस येतें. रेघेपाशीं थबकलेल्या मुलाची आणि क्रियापदाची गांठच पडत नाहीं. आणि उत्तर तर पुष्कळदां त्या क्रियापदाच्याच पदरीं बांधलेलें असतें.

गेल्या रविवारींच हा अनुभव आला. आमची नात दुपारीं वही घेऊन बसली होती. तिच्यासाठीं आम्हीं मुद्दाम एक प्रश्न तयार केला. शब्द दिले पांच: दूध, लग्न, मडकें, धोतर, जानवें. क्रियापदें दिलीं पांच: फाटलें, मोडलें, फुटलें, नासलें, तुटलें. जोड्या लावावयाच्या. पांचही शब्द नपुंसकलिंगी घेतले होते. लिंगावरून कांहींच कळूं नये असा आमचा डाव होता.

'मडकें फुटलें' तिनें क्षणांत लिहिलें. 'जानवें तुटलें' हेंही जमलें; आमच्या कृपेनें तें वाक्य घरांत अनेकदां ऐकूं येतें. मग तिनें 'दूध फाटलें' असें लिहिलें. आतां उरलें धोतर आणि लग्न. इकडे उरलें मोडलें आणि नासलें. पेन्सिल दांतांत धरून तिनें बराच विचार केला आणि 'धोतर मोडलें, लग्न नासलें' असें लिहून आमच्यापुढें वही सरकविली. स्वयंपाकघरांतून तिच्या आजीचें हंसूं ऐकूं आलें.

"अगं, लग्न काय नासतें? मोडतें!" आजी म्हणाली.

"मग धोतर नासतं का?" नातीनें विचारलें. घटकाभर ती वहीकडे पाहत राहिली आणि एकदम म्हणाली, "आजोबा, म्हणजे दुधाचंच चुकलं! पण दूध फाटलं असं म्हणतात ना?"

म्हणतात, आणि तें अशुद्धही नव्हे. दूध नासतें आणि फाटतेंही. धोतराला मात्र फाटण्यावांचून गति नाहीं. ज्या शब्दाला एकच जागा आहे त्याला आधीं बसवावें. ज्याला दोन जागा मोकळ्या आहेत त्यानें थांबावें. हा नियम तिला आम्हीं सांगितला नाहीं. तिनें तो स्वतःच काढला, आणि पुढचे तीन प्रश्न त्याच युक्तीनें सोडविले.

येथें थोडें विषयांतर करावेंसें वाटतें. काठी मोडते, दोरी तुटते, कांच फुटते, कापड फाटतें. तसेंच दार लावतात, छत्री मिटतात, दिवा मालवतात, विस्तव विझवितात. हा भेद मराठीचा घरचा दागिना आहे. अलीकडे मुलें दार बंद करतात, छत्री बंद करतात, दिवा बंद करतात आणि पुस्तकही बंद करतात. एकाच क्रियापदानें सारा संसार चालूं लागला कीं गाळलेली जागा ओळखण्याची खूणच नाहींशी होते. 'आजीनें फुंकर मारून दिवा अमुक' एवढें ऐकून पुढचा शब्द ज्याच्या तोंडीं आपोआप येतो, त्याला ही परीक्षा कठीण जात नाहीं. तो शब्द कोशांतून येत नाहीं; तो घरांतल्या बोलण्यांतून येतो.

लिंगाची खूण याहून सोपी आहे आणि तरीही मुलें ती सोडून देतात. 'आजोबांचा अमुक कोठें ठेवला?' आणि कंसांत टोपी, छत्री, चष्मा, पुस्तक. अर्थानें चारही शब्द चालतात. पण 'आजोबांचा' आणि 'ठेवला' हे दोन साक्षीदार चष्म्याखेरीज दुसऱ्या कोणाचें नांव घेत नाहींत. तो हार गळ्यांत पडतो, ती हार पदरांत पडते. तो माळ गांवाबाहेर असतो, ती माळ देवघरांत असते. संस्कृतांत तर मित्र हा शब्द पुल्लिंगीं सूर्य होतो आणि नपुंसकलिंगीं सखा.

तिसरी खूण जोडशब्दांची. 'काका श्रीमंत होते, तरी त्यांची राहणी अमुक होती.' येथें 'साधी' आलें पाहिजे. 'तरी' काढून 'म्हणून' घाला, कीं तीच राहणी थाटाची झाली. पण, परंतु, तरी, म्हणून, कारण, उलट हे शब्द मुलें वाचतांना गिळतात. मोठ्यानें वाचून घेतांना या शब्दांवर किंचित् थांबावयास लावावें, एवढें पुरे.

हा सारा विचार आपल्याकडे नवा नाहीं. सुमारें पांचव्या शतकांतील भर्तृहरीनें वाक्यपदीयाच्या दुसऱ्या कांडांत शब्दाचा नेमका अर्थ कशावरून ठरतो याची एक यादीच दिली आहे: संयोग, विप्रयोग, साहचर्य, विरोध, प्रयोजन, प्रकरण, खूण, शेजारचा शब्द, सामर्थ्य, औचित्य, देश, काल, लिंग, स्वर. त्याचा प्रश्न अनेकार्थी शब्दाचा होता, गाळलेल्या शब्दाचा नव्हे. परंतु खुणा त्याच. रामाशेजारीं लक्ष्मण आला तर तो राम दशरथाचा. रामासमोर अर्जुन उभा केला तर तो राम परशुराम, आणि तो अर्जुनही पांडव नव्हे, कार्तवीर्य. जेवतांना सैंधव मागितलें तर मीठ आणावें आणि प्रवासास निघतांना मागितलें तर घोडा, हें उदाहरण तर पाठशाळेंत शिकलेल्या प्रत्येकाला ठाऊक असेल.

मीमांसकांनीं तर आपल्या प्रश्नाला सरळच हात घातला. कोणी नुसतें 'दार' म्हणाला आणि ऐकणाऱ्यानें उठून दार लावलें. येथें ऐकणाऱ्यानें मनांत 'लाव' हा शब्द भरून घेतला, कीं शब्दावांचून नुसता अर्थच भरून घेतला? भाट्ट म्हणतात शब्द, प्राभाकर म्हणतात अर्थ. आमची नात, तिला नकळत, प्राभाकरांच्या बाजूची आहे: तिला अर्थ आधीं कळतो, शब्द मागाहून सांपडतो. म्हणूनच तिला आम्ही कंसांतले पर्याय हातानें झांकून वाक्य वाचावयास सांगतों. रेघेच्या जागीं नुसतें 'हूं' म्हणावयाचें, वाक्य पूर्ण करावयाचें, काय हवें तें आपल्या शब्दांत सांगावयाचें, आणि मग हात काढावयाचा.

पाश्चात्यांकडे हा प्रश्न परीक्षेच्या रूपानें आला. 1897 च्या सुमारास हेर्मान एबिंगहाउस या जर्मन पंडितानें ब्रेस्लाउ शहरांतील शाळांत मुलांना गाळलेल्या शब्दांचे उतारे दिले. सलग चालणाऱ्या शाळेनें मुलांचें डोकें किती शिणतें हें त्याला पाहावयाचें होतें. पण हुशार आणि मागासलेलीं मुलें निवडून काढण्यास हीच परीक्षा उत्तम असें दिसून आलें. तेव्हांपासून ही रेघ मुलांच्या मागें लागली ती लागलीच. पुढें 1953 त विल्सन टेलर या अमेरिकन संशोधकानें उताऱ्यांतून ठराविक अंतरानें शब्द गाळून वाचकांकडून भरून घेतले. पण त्याला जोखावयाचे होते ते वाचक नव्हेत, उतारे! पुष्कळ वाचकांना शब्द सुचला नाहीं तर लिहिणाऱ्याचें लिहिणें कठीण, असा त्याचा हिशेब. अलीकडे, 2018 सालीं, गूगलच्या संशोधकांनीं एका संगणकीय रचनेला भाषा शिकविली ती शंभरांतले सुमारें पंधरा शब्द झांकून ते ओळखावयास लावून. हें आमच्या चिरंजीवांनीं सांगितलें तेव्हां गंमत वाटली.

टेलरचा हिशेब मात्र आम्हांस एका जुन्या गोष्टीमुळें बोचतो.

आम्ही निफाड तालुक्यांतील एका गांवीं शिक्षक होतों. फाल्गुनाचे दिवस, वार्षिक परीक्षेपूर्वींची सराव परीक्षा. चौथीच्या पेपरांत आम्हीं स्वतः घातलेलें वाक्य असें होतें: 'पाऊस पडूं लागला आणि शेतकरी अमुक.' कंसांत हंसला, निजला, रडला, पळाला. साऱ्या वर्गानें 'हंसला' लिहिलें. एका मुलानें 'रडला' लिहिलें. आम्हीं तांबडी फुली मारली, आणि वर्गांत पेपर वाटतांना, 'पाऊस आल्यावर शेतकरी रडतो होय रे?' असा विनोदही केला. वर्ग हंसला. मुलगा कांहीं बोलला नाहीं.

दोन दिवसांनीं संध्याकाळीं त्याच्या घरावरून जाणें झालें. त्याच आठवड्यांत अवकाळी पाऊस होऊन गेला होता. काढून ठेवलेला उन्हाळी कांदा भिजला होता. भिजलेला कांदा चाळींत साठवितां येत नाहीं. तो सडतो आणि शेजारच्यालाही सडवितो. घरचीं माणसें ओणवीं होऊन त्यांतला बरा कांदा निवडीत होतीं, मुलगाही निवडीत होता. वास रस्त्यापर्यंत येत होता.

देश आणि काल या दोन्ही खुणा भर्तृहरीच्या यादींत आहेत. ती यादी आम्हांस तोंडपाठ होती. आमचें वाक्य कोणत्या महिन्यांतलें, कोणत्या शेतांतलें, हें आम्हीं कोठेंच लिहिलें नव्हतें; तें त्या मुलानें आपल्या अंगणांतून भरून घेतलें, आणि बरोबर भरून घेतलें. आम्हीं गुण वाढविले नाहींत. तक्ता भरून झाला होता. आणि खरें सांगावयाचें तर चौथींतल्या मुलापाशीं चूक कबूल करावी हें त्या वयांत आम्हांस सुचलेंच नाहीं. पुढें वार्षिक परीक्षेंत तो पेपर घेऊन आमच्या टेबलापाशीं आला, गाळलेल्या जागांवर बोट ठेवलें आणि हळूच म्हणाला, "गुरुजी, तुम्हांला कोणता शब्द पाहिजे?" आम्हीं त्याला जागेवर बसावयास सांगितलें.

तेव्हां भगिनींस एवढेंच लिहितों कीं, मुलाचा गुण गेला तर प्रथम त्याला शांतपणें विचारावें, 'हाच शब्द कां घातलास?' त्यानें वाक्यांतल्या एखाद्या शब्दावर बोट ठेवलें आणि तरीही तें चुकलें, तर वर सांगितलेल्या खुणांचा सराव द्यावा. त्यानें वाक्याबाहेरचें कारण सांगितलें आणि तें खरें असलें, तर दोष वाक्याचा आहे. शिक्षकांस एक चिठी लिहावी. बहुतेक शिक्षक ऐकतात.

पुढील अंकापर्यंत मुलांसाठीं एक काम देतों. 'पाहुणे निघाले आणि घर अमुक झालें.' शब्द तीन: शांत, सुनें, मोकळें. तीनही बसतात. मुलांनीं शब्द निवडूं नये. या वाक्याच्या आधीं घालावयाचें एक-एक वाक्य असें रचावें कीं, दर वेळीं तिघांपैकीं एकच शब्द चालेल. उत्तरें पोस्टकार्डावर मावतील.